पेशंटला माहीत आहे का?

डोकं उघडलेलं असतं आणि पेशंट जागा असतो. त्याच्याशेजारी कुणीतरी बसून एकेक चित्र दाखवत असतं. ‘हे काय आहे?’ ‘केळं.’ ‘आणि हे?’ ‘घड्याळ.’ हिरव्या कापडापलीकडे सर्जन मेंदूच्या पृष्ठभागावर बारीक दांडीनं अगदी हलका विद्युतप्रवाह देत असतात. दांडी एखाद्या जागी टेकते आणि शब्द तोंडातच अडतो. समोर छत्री दिसते आहे, ती कशाला वापरतात हेही कळतं आहे, पण नाव येत नाही. दांडी उचलली की नाव परत येतं. मग त्या जागेवर आकडा लिहिलेला कागदाचा चिमुकला तुकडा ठेवतात. गाठ काढताना ती जागा सोडायची, अशी ती खूण.

मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. डोक्याची कातडी बधिर करायची, कवटीचं हाड कापेपर्यंत पेशंटला गुंगीत ठेवायचं आणि नेमक्या वेळी जागं करायचं. भूल देणाऱ्या डॉक्टरांचं कसब इथे सर्जनइतकंच लागतं. कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये वाइल्डर पेनफिल्ड यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात अपस्माराच्या रुग्णांवर अशा शस्त्रक्रिया करता करता बोलण्याच्या, हालचालीच्या आणि स्पर्शाच्या जागांचा नकाशाच तयार केला. आता मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयांत गाठ भाषेच्या भागाजवळ असली की या मार्गाचा विचार होतो.

आपल्याकडे यात आणखी एक बाब येते. चित्रं दाखवणाऱ्याला पेशंटची भाषा यावी लागते. लातूरचा माणूस ‘वांगं’ म्हणणार, बिहारचा ‘बैंगन’. दोन भाषा बोलणाऱ्याच्या मेंदूत दोन्ही भाषांच्या जागा तंतोतंत एक असतीलच असं नाही, त्यामुळे शक्य तर दोन्ही तपासाव्या लागतात. मुंबईत परळच्या कर्करोग रुग्णालयात देशभरातून माणसं येतात. म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये शेतकऱ्याची, गवंड्याची, जात्यावर दळणाऱ्या आजीची रोजची बोली हे सर्जनच्या कामाचं साधन होऊन बसतं.

या शस्त्रक्रियेबद्दल जसजसं समजत गेलं तसतशी एक विसंगती मला फार टोचू लागली. ज्या माणसाच्या बोलण्याच्या आधारानं सर्जनचा हात पुढे सरकतो, त्याला घरच्यांनी अनेकदा आजाराचं नावही सांगितलेलं नसतं. फाईल मुलाच्या पिशवीत असते आणि पेशंटला ‘डोक्यात थोडी सूज आहे’ एवढंच ठाऊक असतं. इतर आजारांत ही लपवाछपवी चालून जाते असं मी म्हणणार नाही. पण मेंदूच्या गाठीत ती विशेष घातक आहे, कारण इथे माणसाकडे बोलायला, समजून घ्यायला आणि ठरवायला मोजकाच काळ असू शकतो. आपण सांगायचं लांबवतो, आणि सांगायला बसतो तेव्हा त्याचे शब्द गेलेले असतात.

माझ्या मामांच्या बाबतीत हे होता होता राहिलं.

मामा लातूरच्या मार्केट यार्डात एका आडतीवर मुनीम होते. वय एकसष्ट. पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी पाठ असलेल्या शेवटच्या पिढीतले. कॅल्क्युलेटर गल्ल्याशेजारी पडून असायचा, मामा डोळे किंचित मिटून तोंडानं हिशेब करायचे आणि शेतकऱ्याच्या हातात पट्टी द्यायचे. इतके कट्टे, इतकं वजन, हमाली वजा, तोलाई वजा, हातात इतके. तुरीच्या हंगामात एका पट्टीत हमाली दोनदा वजा झाली. शेतकरी ओळखीचा होता, हसून परत आला. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या पट्टीवर ‘हरभरा’ असं लिहायच्या जागी त्यांनी नुसतंच ‘ते’ लिहिलं. आडतदारानं चष्म्याचा नंबर तपासायला सांगितलं. नंबर तपासला, नवा चष्मा झाला.

घरी वेगळंच चाललं होतं. संध्याकाळी मामा अचानक विचारायचे, ‘दूध करपलंय का?’ मामी उठून गॅस बघायची. गॅस बंद असायचा, पातेलं घासून पालथं. मिनिटभरात वास जायचा आणि मामा थोडे हरवल्यासारखे बसायचे. नसलेला वास येणं हा मेंदूच्या कानशिलामागच्या भागातल्या झटक्याचा प्रकार असू शकतो, हे आमच्यापैकी कुणाला माहीत असणार? अमेरिकी संगीतकार जॉर्ज गर्श्विन यांना जळक्या रबराचा वास यायचा. त्यांचं दुखणं मानसिक समजलं गेलं. ११ जुलै १९३७ रोजी, मेंदूवरच्या तातडीच्या शस्त्रक्रियेनंतर, अडतिसाव्या वर्षी ते गेले.

मामांना एका पहाटे मोठी फिट आली. उजवा हात उडू लागला, मग सगळं अंग. शेजारी धावून आले. एकानं नाकाला चप्पल लावली, दुसऱ्यानं कांदा फोडला, तिसरा दातखिळी उघडायला चमचा घेऊन आला. ही सगळी माणसं मदतीलाच आली होती, म्हणूनच सांगतो: फिट आलेल्या माणसाच्या तोंडात काहीही घालू नये. त्याला कुशीवर वळवावं, डोक्याखाली मऊ काहीतरी द्यावं, आजूबाजूचं टोकदार सामान हलवावं आणि घड्याळ बघावं. पाच मिनिटांच्या वर चाललं तर थेट दवाखाना. आणि मोठ्या वयात पहिल्यांदाच फिट आली तर ती थांबली म्हणून गप्प बसू नये, मेंदूचा स्कॅन करून घ्यावा.

डोकेदुखीबद्दल इथेच थोडं. डोकं दुखतं म्हणून गाठ असेल, या भीतीनं रात्र काढणारे पुष्कळ असतात आणि त्यांच्यातल्या बहुतेकांना असलं काही नसतं. डॉक्टर कान टवकारतात ते वेगळ्या तक्रारींवर. सकाळी उठताना जास्त असणारी आणि दिवसेंदिवस वाढत जाणारी डोकेदुखी, सोबत उलटी. एका बाजूच्या हातापायात कमी होत जाणारी ताकद. एकाच कानानं कमी ऐकू येणं. नजरेच्या कडा झाकोळणं. शब्द न आठवणं. शांत माणूस एकाएकी तापट किंवा अगदी निरिच्छ होणं. कवटी हाडाची असते, ती ताणत नाही. आत काही वाढलं की दाब मेंदूवरच येतो. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर त्या दाबाची सूज दिसू शकते, आणि डोळ्यांचे डॉक्टर साध्या उपकरणानं ती पाहू शकतात.

*

आज स्कॅनशिवाय पान हलत नाही, पण या शास्त्राची सुरुवात पेशंटचं ऐकण्यातून झाली. १८८४ साली लंडनमध्ये अलेक्झांडर ह्यूज बेनेट या डॉक्टरांकडे पंचवीस वर्षांचा एक स्कॉटिश तरुण आला. आधी चेहऱ्याची आणि जिभेची डावी बाजू थरथरायची, मग डावा हात लुळा होत गेला, मग पायावर आलं. एक्स-रेचा शोधही अजून अकरा वर्षं दूर होता. तक्रारी कोणत्या क्रमानं आल्या हे नीट विचारून आणि शरीर तपासून बेनेट यांनी सांगितलं, गाठ उजव्या बाजूला, हालचालींच्या पट्ट्यात आहे. २५ नोव्हेंबरला रिकमन गॉडली या सर्जननी बरोबर तिथेच कवटी उघडली आणि गाठ सापडली. जंतुसंसर्गानं तो तरुण महिन्याभराच्या आत गेला. तरी माणसाच्या सांगण्यावरून मेंदूतली अदृश्य जागा हुडकता येते, हे त्या दिवशी सिद्ध झालं.

चित्र यायला १९७१ साल उजाडलं. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सीटी यंत्रानं १ ऑक्टोबरला विम्बल्डनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या पेशंटच्या डोक्याचा स्कॅन केला. त्या बाईंना मेंदूच्या पुढच्या भागात गाठ असल्याचा संशय होता, ती पडद्यावर दिसली. एमआरआय त्यानंतर आला. भारतात न्यूरोसर्जरीचा पहिला विभाग डॉ. जेकब चांडी यांनी वेल्लोरला १९४९ साली सुरू केला होता, म्हणजे आपल्याकडच्या पहिल्या पिढीनं वीस-बावीस वर्षं तरी सीटीविना गाठी शोधल्या आणि काढल्या. त्या लोकांच्या बोटांबद्दल आणि कानांबद्दल मला फार आदर वाटतो.

*

मामांच्या पहिल्या स्कॅनचा कागद एका काउंटरवरून मामेभावाच्या हातात पडला. त्यात काय लिहिलंय हे कुणी बसून सांगितलं नाही. त्यानं मोबाइलवर एकेक शब्द टाकून पाहिला आणि पार्किंगमध्ये दुचाकीला टेकून बराच वेळ उभा राहिला. घरी येऊन म्हणाला, ‘सूज आहे.’

‘ब्रेन ट्यूमर’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एकच आजार येतो. प्रत्यक्षात जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात शंभराहून अधिक प्रकार आहेत आणि त्यांची दैवं एकमेकांपासून फार लांब. मेंदूच्या आवरणातून निघणारी मेनिंजिओमा बहुतांशी साधी असते, काहींची नुसती वर्षावर्षानं पाहणी करत राहतात. पिट्युटरी ग्रंथीची गाठ नाकावाटे दुर्बिणीनं काढतात. लहान मुलांत मेड्युलोब्लास्टोमा हा घातक प्रकार असूनही शस्त्रक्रिया, रेडिएशन आणि केमो यांनी अनेक मुलं पूर्ण बरी होतात. मोठ्यांत तर फुफ्फुस किंवा स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी मेंदूत येऊन झालेल्या गाठी मूळच्या मेंदूतल्या गाठींपेक्षा जास्त आढळतात.

आपल्या देशात त्यापुढचाही प्रश्न असतो: ही गाठ मुळात ट्यूमर आहे का? स्कॅनमध्ये दिसणारं कडं क्षयाच्या गाठीचं असू शकतं. पोर्क टेपवर्म या कृमीची अंडी घाणेरड्या पाण्यातून किंवा कच्च्या भाजीतून पोटात जातात आणि त्यांच्या अळ्या मेंदूत घर करतात. जन्मभर शाकाहारी असलेल्यालाही हे होतं. यांतलं बरंचसं औषधांनी जातं. वेल्लोरच्या डॉक्टरांनी या कृमीच्या गाठी ट्यूमर किंवा क्षयापासून वेगळ्या कशा ओळखाव्यात याचे निकष घालून दिले, त्यामुळे कितीतरी लोकांची डोकी विनाकारण उघडायची वाचली.

म्हणून ‘गाठ आहे’ एवढ्यावर कोसळून जाऊ नये आणि निश्चिंतही होऊ नये. तुकडा काढून तपासल्यावर खरं नाव कळतं. पूर्वी ते नाव सूक्ष्मदर्शकाखालच्या पेशींच्या रूपावर ठरायचं. आता जनुकांतले बदलही बघावे लागतात. ग्लायोमा या गटात आयडीएच नावाच्या जनुकात बदल असेल तर आजाराची चाल मंद असते, नसेल तर बहुधा जलद. २००८-०९ मध्ये हे लक्षात आलं, आणि २०२१ च्या वर्गीकरणात निदानाचा पायाच त्यावर रचला गेला. हा बदल असलेल्या मंद ग्लायोमासाठी व्होरासिडेनिब नावाच्या गोळीला अमेरिकेत ऑगस्ट २०२४ मध्ये मान्यता मिळाली. रिपोर्टला दिवस लागतात ते या सगळ्या तपासण्यांमुळे. त्या दिवसांत नातेवाईक ‘लवकर काहीतरी सुरू करा’ म्हणून डॉक्टरांच्या मागे लागतात. ती तगमग मी जवळून पाहिली आहे. पण नाव न कळता सुरू केलेला उपचार म्हणजे पत्ता न बघता टाकलेलं पत्र.

*

परळच्या एका रुग्णालयात आमचा नंबर आला तेव्हा मामा बाहेर बाकावर होते. ‘कॅन्सर’ अशी अक्षरं असलेली पाटी त्यांना दिसू नये म्हणून मामेभावानं त्यांना पाठमोरं बसवलं होतं. आत गेल्या गेल्या डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली, दोन प्रश्न विचारले आणि मग म्हणाले, ‘पेशंटला माहीत आहे का?’

मामेभाऊ म्हणाला, ‘नाही सर. धसका घेतील.’

‘गाठ बोलण्याच्या भागाला लागून आहे. जागेपणी ऑपरेशन करावं लागेल. मला त्यांची मदत हवी आहे. मदत मागायची आणि ती कशासाठी हे सांगायचं नाही, असं मला जमणार नाही. घेऊन या त्यांना आत.’

मामा आले. डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढून घेतली आणि विचारलं, ‘काका, तुम्हाला काय वाटतंय? काय झालंय?’

मामा आमच्याकडे बघत म्हणाले, ‘गाठ हाय. चांगली नसावी.’ मग आमच्याकडे हात करून त्यांना पुढचा शब्द सापडेना. दोन-तीनदा ओठ हलले. अखेर त्यांनी बोट ओठांवर ठेवलं आणि वाक्य दुसरीकडून सुरू केलं, ‘हे काय दडवूलालाव, मला काय कळत नाही का?’

त्यांना सगळं कळत होतं. घरात अचानक आलेली शांतता, फोन घेऊन अंगणात जाणारी पोरं, न मागता ताटात पडणारी पुरणपोळी. आजारी माणूस वेडा नसतो. आपण त्याच्यापासून आजार लपवतो असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात त्याला आपण त्याच्या भीतीसोबत एकटं सोडतो. हे मला त्या खोलीत पटलं.

हंगेरीचे लेखक फ्रिजेश कारिंथी १९३६ च्या मार्चमध्ये बुडापेस्टच्या एका कॉफीगृहात बसले असताना त्यांना आगगाडी सुटल्याचा घरघराट ऐकू आला. बाहेर आगगाडी नव्हती. ते आवाज पुन्हापुन्हा येत राहिले. त्यांची गाठ पुढे स्टॉकहोममध्ये हर्बर्ट ऑलिव्हेक्रोना यांनी काढली. कारिंथी कित्येक तास जागे होते, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी या सगळ्याचं पुस्तक लिहिलं. १९३८ मध्ये ते गेले, पण स्वतःच्या आजाराची गोष्ट त्यांनी स्वतः सांगितली. ते लेखक होते म्हणून हे जमलं, असं म्हणून सोडून देता येणार नाही. मुनिमालाही स्वतःची गोष्ट असते.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी एका तरुण डॉक्टरबाईंनी मामांना चित्रांचा संच दाखवला. जी नावं आजही सांगता आली नाहीत ती चित्रं बाजूला काढली, कारण उद्या ती अडली तर कशामुळे अडली ते समजणार नाही. तराजूचं चित्र आलं तेव्हा मामा म्हणाले, ‘ताजवा.’ बाईंनी क्षणभर पाहिलं आणि आपल्या कागदावर ‘तराजू’ खोडून ‘ताजवा’ लिहिलं.

गाठ बरीचशी निघाली. सगळी काढली असती तर बोलणं गेलं असतं, म्हणून काही भाग ठेवला. रिपोर्ट आला ग्लायोब्लास्टोमा, आयडीएच बदल नसलेला. मोठ्या माणसांत मेंदूतच सुरू होणाऱ्या घातक गाठींपैकी सर्वांत जास्त आढळणारी आणि सर्वांत उग्र तीच.

मामांनी डॉक्टरांना एकच शब्द विचारला. ‘किती?’

यावर ‘देवावर भरवसा ठेवा’ असं उत्तर मी अनेकदा ऐकलंय. या डॉक्टरांनी केसपेपरच्या मागे एक आडवी रेघ ओढली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या, ५७३ रुग्णांच्या अभ्यासाचे आकडे त्यांनी सांगितले. नुसत्या रेडिएशननं मध्यावरचा आकडा १२.१ महिने होता, सोबत टेमोझोलोमाइडच्या कॅप्सूल दिल्यावर तो १४.६ झाला. दोन वर्षं ओलांडणारे आधी शंभरांत दहा होते, ते सव्वीस झाले.

‘सरासरी?’ मामांनी विचारलं.

‘नाही काका. सगळ्यांना रांगेत उभं केलं तर जो बरोब्बर मधला, त्याचा आकडा.’

मामांनी रेघेवर बोट ठेवून ते मधोमध नेलं, मग उजवीकडे सरकवलं. ‘म्हंजे निम्मे इकडं.’

‘हो. आणि पाच वर्षांनंतरही जवळजवळ दहा जण.’

मला वाटतं, मामांना त्या दिवशी त्यांच्या भाषेत कुणी बोलल्यासारखं वाटलं. आशा होती, पण तिला हिशेबाचा आधार होता. संध्याकाळी ते जेवले.

*

रेडिएशनचे सहा आठवडे म्हणजे परळचा संसार. सोमवार ते शुक्रवार रोज एक, अशा तीस बैठका, एकूण साठ ग्रे. त्याआधी चेहऱ्याचा साचा घेतात. भोकाभोकांचं प्लास्टिक गरम पाण्यात मऊ करून तोंडावर पसरतात. काही मिनिटांत ते घट्ट होतं आणि नाक, भुवया, हनुवटी सगळं त्यात उमटतं. मग रोज तोच मुखवटा चढवून डोकं टेबलाला जखडतात, कारण किरण मिलिमीटरच्या हिशेबानं सोडायचे असतात. किरण लागताना दुखत नाही. पण बाहेर पडल्यावर कपाळावर जाळीचे व्रण अर्धा-पाऊण तास राहतात. डॉ. अर्नेस्ट बोर्जेस मार्गाच्या फुटपाथवर चहा पिणाऱ्यांत ते व्रण असलेली माणसं मला ओळखू येऊ लागली होती.

कॅप्सूल उपाशीपोटी, उलटीच्या गोळीनंतर, पाण्याबरोबर अख्खी गिळायची. रक्त वरचेवर तपासायचं, कारण पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट खाली येतात. हे सगळं लोक निभावतात. कुणी बजावून ठेवत नाही ते स्टेरॉइडचं. डेक्सामेथासोननं मेंदूची सूज उतरते, दोन दिवसांत माणूस उठून बसतो आणि घरच्यांना चमत्कार झाल्यासारखं वाटतं. मग रात्री दोनला भूक लागते, साखर चढते, चेहरा गोल होतो, झोप उडते, माणूस चिडतो. मांड्यांची ताकद इतकी जाते की जमिनीवर बसल्यावर उठता येत नाही आणि भारतीय पद्धतीच्या संडासात फजिती होते. मामी समजत होती की मामांचा स्वभाव बदलला. तो औषधाचा परिणाम होता, आणि डोस उतरल्यावर बराचसा ओसरला. मात्र ही गोळी मनानं एकदम बंद करायची नसते, फिटची तर नाहीच नाही.

राहायचं कुठे, हा प्रश्न उपचाराएवढाच मोठा. मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगानं गेल्या आणि त्यातून उभ्या राहिलेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचे दरवाजे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले. तेव्हापासून परळ हे कर्करोगाचं पंढरपूर झालं आहे. दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत, परळच्या नाना पालकर स्मृती समितीच्या रुग्णसेवा सदनात जागा मिळाली तर निम्मं ओझं उतरतं. गाडगेबाबा १९५६ साली गेले, त्यांच्या नावाच्या छपराखाली आजही कुणा पेशंटची बायको मध्यरात्री पेज शिजवते आहे. खर्चाचं म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आता कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. रुग्णालयात शिरताच आरोग्यमित्राचं टेबल शोधा आणि रेशनकार्ड सोबत ठेवा. आगाऊ भरलेले पैसे नंतर योजनेत बसवून घेणं फार कठीण जातं.

*

मामा लातूरला परतले आणि आडतीवर काही महिने जाऊन बसले. पट्ट्या लिहायचं काम दुसऱ्याकडे होतं, मामा तपासायचे. शब्द अडायचे, आकडे कमी अडायचे. मामेभावानं वाणीउपचाराचे व्यायाम मोबाइलवर घेतले. गाठ वर्ष उलटल्यावर पुन्हा दिसली तेव्हा परत ऑपरेशनचा विषय निघाला. मामांनी सगळ्यांना ऐकवलं, ‘बोलणं गेलं तर मला नको.’ हे वाक्य ते त्या वेळी स्पष्ट म्हणू शकले. दोन महिन्यांनी म्हणू शकले नसते.

ते आम्ही कागदावर घेतलं. ९ मार्च २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं अशा इच्छापत्राला मान्यता दिली, पण प्रक्रिया इतकी किचकट ठेवली की कुणी त्या वाटेला जाईना. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयानंच ती सोपी केली. न्यायदंडाधिकाऱ्यापुढे जाण्याची अट गेली, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. गोव्यात उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी २०२४ साली स्वतःचं इच्छापत्र करून तिथे सुरुवात केली. मुंबईत डॉ. निखिल दातार हा विषय न्यायालयापर्यंत घेऊन गेले आणि महापालिकेनं असे कागद सांभाळणारे अधिकारी नेमले. जिल्ह्याजिल्ह्यांत ही सोय व्हायला हवी, आणि मेंदूच्या गाठीचं नाव कळताच रुग्णालयानं आपणहून हा विषय काढायला हवा, असं माझं ठाम मत आहे. कर्करोगाच्या इतर पेशंटला शेवटच्या आठवड्यातही स्वतःचं म्हणणं मांडता येऊ शकतं. इथे तसं गृहीत धरता येत नाही.

मामांच्या कागदावर तीन गोष्टी होत्या. श्वासाच्या यंत्रावर ठेवायचं नाही. फिट आणि दुखणं आवरण्यासाठी लागेल ते औषध द्यायचं. लातूरच्या घरीच ठेवायचं. सही करताना हात थरथरत होता, म्हणून नोटरीनं अंगठा चालेल असं सांगितलं. मामांनी सहीच केली. शेवटच्या सहा आठवड्यांत ते जवळजवळ बोलत नव्हते, जास्त वेळ झोपूनच असायचे. नाकात मारायचा फिटचा स्प्रे उशीजवळ होता. लागला तेव्हा मामेभावानं न घाबरता दिला, दातखिळी उघडायला चमचा आता कुणी आणत नव्हतं.

मामीचं आणि माझं मात्र अजून पटलेलं नाही. ती म्हणते, त्यांना सांगितल्यापासून त्यांची झोप गेली, निदान पहिले दोन-तीन महिने तरी अजाणतेपणी सुखात गेले असते. मी तिच्याशी वाद घालत नाही, त्या रात्री ती त्यांच्याशेजारी होती आणि मी नव्हतो. पण परत ऑपरेशन करायचं का, मुंबईला न्यायचं का, यंत्रावर ठेवायचं का, हे तिला एकटीला ठरवावं लागलं नाही. नातेवाईक ‘अजून मोठ्या डॉक्टरला का नाही दाखवलं’ म्हणून विचारायला आले, तेव्हा तिनं कपाटातून तो कागद काढला आणि त्यांच्यापुढे ठेवला.